एक दिवसाआड चांगली कॉफी

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ. दुधात साखर, चमचाभर तयार पूड, वरून जायफळाचा कीस. तीही ठरलेल्या वेळीच: उपासाला, डोकं दुखत असलं की, नाहीतर रात्री उशिराच्या गाडीने कुणी येणार असलं की. बाकी इंदूर हे चहा-पोह्यांचं गाव. बावन्न वर्षं मी हीच कॉफी प्यायलो आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. आजही नाही.

जून २०२३ मध्ये मी पीथमपूरच्या एका औषध कंपनीतून व्हीआरएस घेतली. अठ्ठावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. सुट्टीचा पहिला आठवडा घरातली कपाटं लावण्यात गेला, दुसरा बायकोने ती परत तिच्या पद्धतीने लावण्यात. तिसऱ्या आठवड्यात बंगळुरूहून मुलीने एक पाकीट पाठवलं. अख्ख्या भाजलेल्या बिया, २५० ग्रॅम, किंमत ५५० रुपये. पाकिटावर मळ्याची उंची, झाडाची जात, बिया धुऊन वाळवल्या की फळासकट, आणि भाजल्याची तारीख. औषधाच्या पट्टीवरही इतकी माहिती नसते. मी ते पाकीट दोनदा वाचलं आणि बिया मिक्सरमध्ये घातल्या.

ती पहिली चूक. पुढच्या दीड वर्षात अशा बऱ्याच झाल्या. सोसायटीतले दोघं-तिघं आणि आमच्या नात्यातला एक भाचा आता घरीच अशी बियांपासून कॉफी करायच्या बेतात आहेत आणि सगळे तेच ते विचारतात, म्हणून एकदा तारीखवार लिहून काढतो.

मिक्सरचं काय होतं, तर निम्म्या बियांचं पीठ होतं आणि निम्म्यांचे तुकडे राहतात. पिठातून सगळं भराभर उतरतं, नको तो कडूपणाही उतरतो. तुकड्यांतून पुरतं उतरतच नाही, त्यांचा आंबटपणा तेवढा येतो. कडू आणि आंबट दोन्ही एकाच कपात. आईने एक घोट घेतला, "काढा आहे का?" म्हणाली आणि कप सरकवून ठेवला. आई ८१ वर्षांची आहे, तिच्याशी वाद घालायचा नसतो.

ऑगस्टमध्ये सामान जमवलं. हाताने फिरवायचा ग्राइंडर ५,२०० रुपये, प्लास्टिकचा ड्रिपर (कपावर ठेवायचं गाळणं) कागदी फिल्टरसह ६५०, एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा १,१००, बारीक चोचीची किटली २,४००. किटली तेव्हा घ्यायला नको होती. साध्या चहाच्या भांड्याने, हात स्थिर ठेवून ओतलं तरी सुरुवातीला भागतं. पैसे घालायचेच तर ग्राइंडरमध्ये घाला. आणि काटा हवाच, कारण "दोन चमचे" हे माप प्रत्येक बीला वेगळं पडतं. हलकी भाजलेली बी जड असते, काळी भाजलेली फुगून हलकी झालेली असते.

सवयीने वही घातली. तारीख, कॉफी किती ग्रॅम, पाणी किती, ग्राइंडरचे किती टिचके (दळण जाड-बारीक करायची खूण), पाण्याचं तापमान, लागलेला वेळ, आणि शेवटी चवीला दहापैकी गुण. प्रमाण सगळीकडे सांगतात तेच धरलं, १५ ग्रॅमला २४० ग्रॅम पाणी, म्हणजे एकास सोळा. दळण इडली रव्याएवढं. पाणी ९२ ते ९६ अंश म्हणतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी शंभराला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की झालं, वेगळा थर्मामीटर लागत नाही.

सगळं इतकं नेटकं करूनही कॉफीचा काही भरवसा नव्हता. एक दिवस ७ गुण, दुसऱ्या दिवशी ४. परत ७. परत ४. चार गुणांची कॉफी वाईट नसायची, पण मेलेली असायची. फळाचा, लिंबाचा जो काही वास-स्वाद पाकिटावर लिहिलेला असे त्याचं नाव नाही, नुसती तपकिरी, खडूसारखी चव. सप्टेंबरात मी दळण बारीक केलं, ऑक्टोबरात जाड केलं. दुसऱ्या कंपनीच्या बिया मागवल्या. ओतायची पद्धत बदलली, मध्ये ढवळणं सुरू केलं, बंद केलं. नोकरीत कुणी एका वेळी तीन गोष्टी बदलून चाचणी केली असती तर मी त्याचा रिपोर्ट परत पाठवला असता.

एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही एक दिवसाआडच चांगली करता बघा." मी हसलो. थट्टा वाटली.

दिवाळीनंतर ठरवलं की हे कुणाकडून तरी शिकल्याशिवाय सुटणार नाही. कॉफी बोर्ड बंगळुरूला 'कापी शास्त्र' नावाने छोटे वर्ग घेतं, पण त्यांच्या आणि माझ्या तारखा जमल्या नाहीत. मग एका खासगी केंद्रात तीन दिवसांच्या वर्गाला नाव घातलं. आठ जणांची तुकडी, शुल्क १४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२०. नोव्हेंबरात पैसे भरले, नंबर लागला २९ जानेवारी २०२४ला. दोन महिने वाट पाहायची होतीच, तर मुलगी म्हणाली, "बाबा, येताच आहात तर आधी मळा बघा. जानेवारीत तोडणी असते." हा सल्ला मी पुढे सगळ्यांना देतो. वर्गाच्या आधी झाड बघून या. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची त्यानंतर. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पहिल्या वळवाच्या सरीनंतर आठ-दहा दिवसांनी सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो म्हणतात, जाईसारखा वास. मी ते अजून पाहिलेलं नाही.

इंदूर-बंगळुरू विमानाचं जाऊन-येऊन ११,४०० पडलं. तिथून बसने चिकमगळूर, पाच-सहा तास. २५ जानेवारीला संध्याकाळी मळ्यावर पोचलो, तीन रात्रींचे जेवणासह ७,५००.

कॉफीचा मळा म्हणजे चहाच्या मळ्यासारखी कापलेली हिरवी सतरंजी असेल अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात ते जंगलच वाटतं. वर सिल्व्हर ओक, फणस, पांगारा, त्यांच्या बुंध्यांवर मिऱ्याचे वेल चढलेले, आणि त्या सावलीत डोक्याएवढ्या उंचीवर राखलेली कॉफीची झुडपं. आपल्या देशातली बहुतेक कॉफी अशी सावलीतच वाढते. उत्पादनातला सिंहाचा वाटा कर्नाटकाचा, मग केरळ, तमिळनाडू. महाराष्ट्रात म्हणाल तर चिखलदऱ्याला थोडी होते. याच चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुडन नावाच्या फकिराने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणून लावल्या, अशी कथा सांगतात. त्यांच्या नावाच्या डोंगरावरच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी राहिलो त्या मळ्यावर मुख्यतः एस ७९५ जातीची झाडं होती. बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे, ही जात तिथली. त्या केंद्राच्या जन्मामागे तांबेरा आहे. गव्हावर पडतो तसा, कॉफीच्या पानांवर नारिंगी पूड उमटवणारा. याच रोगाने एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेची कॉफी संपवली आणि तिथे चहा आला.

२६ जानेवारीला तोडणीला सुट्टी होती. सकाळी झेंडावंदन झालं, लाडू मिळाला. पण खळ्याला सुट्टी नसते. कन्नडात खळ्याला 'कण' म्हणतात आणि मुकादमाला चक्क 'रायटर'. रायटर मला म्हणाले, नुसते बघत काय उभे राहता, दाताळं घ्या. धुतलेल्या बिया त्यांच्या पिवळट कवचासकट पसरलेल्या, दर अर्ध्या तासाने वर-खाली करायच्या. दोन तासांत पाठ धरली. उन्हाप्रमाणे आठ-दहा दिवस हेच चालतं, बीतला ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत. रात्री दव पडण्याआधी ढीग करून झाकायचं. आमच्या लॅबमध्ये ओलावा मोजायचं जे यंत्र होतं तसलंच लहान यंत्र त्यांच्याकडे होतं, पण रायटर आधी एक बी दाताखाली धरायचे, नखाने दाबायचे आणि मग यंत्र लावायचे. तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा अर्ध्या टक्क्यात बरोबर.

दुसऱ्या दिवशी तोडणीला गेलो. शेवटचा तोडा होता. तोडणारी मंडळी बरीचशी झारखंडची, त्यामुळे माझं इंदुरी हिंदी कामाला आलं. कमरेला पिशवी बांधायची आणि फक्त लाल फळ तोडायचं. ऐकायला सोपं आहे. एका फांदीवर लाल, पिवळं, हिरवं सगळं शेजारी शेजारी असतं आणि सावलीत पिवळंही लाल दिसतं. माझ्या शेजारच्या बाईने तासाभराने माझी पिशवी गोणपाटावर पालथी केली, बोटाने हिरवी-पिवळी बाजूला सारली आणि म्हणाली, "भैया, ये सब गिनती में नहीं आएगा." पिकलेलं फळ चिमटीत दाबलं की दोन बिया सटकन बाहेर येतात, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या, बुळबुळीत. तो बुळबुळीत थर चाखून पाहा, गोड असतो. गर मात्र नावालाच. क्वचित फळात एकच गोल बी निघते, तिला पीबेरी म्हणतात आणि ती वेगळी विकतात.

दोन तासांत माझी तीन किलो दोनशे ग्रॅम फळं झाली. तिची माझ्या तिप्पट. रायटरनी हिशेब सांगितला, सहा किलो फळांची एक किलो हिरवी बी होते. म्हणजे माझी अर्धा किलो. भाजली की साडेचारशे ग्रॅम. पंधरा ग्रॅमच्या हिशेबाने तीस कप. पाकिटाची किंमत जास्त वाटेनाशी झाली ती तेव्हापासून.

संध्याकाळी तीच फळं यंत्रात सोलून हौदात पडलेली पाहिली. तिथे रात्रभर, थंडी असली तर दीड दिवसही ती आंबतात, मग तो बुळबुळीत थर सुटतो आणि बी धुतली जाते. ही 'वॉश्ड'. न सोलता फळासकट वाळवली तर 'नॅचरल', आपल्या बाजारात तिला 'चेरी' म्हणतात. ती जास्त गोड, जास्त फळासारखी लागते आणि वाळवताना हयगय झाली तर दारूसारखा वास मारते.

२९ तारखेपासून वर्ग. पहिला दिवस ओळख आणि कपिंगचा. कपिंग म्हणजे चव तपासायची ठरलेली रीत. १५० मिलीला सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड, वरून गरम पाणी, चार मिनिटं हात लावायचा नाही. वर आलेला साय-सारखा थर मग चमच्याने मोडायचा आणि नाक अगदी जवळ न्यायचं. थंड व्हायला लागली की चमचाभर घेऊन जोरात भुरकायची, म्हणजे ती जिभेवर सगळीकडे उडते. तुकडीतली तरुण मुलं लाजत होती. बशीतून चहा प्यायलेल्या माणसाला भुरका शिकवावा लागत नाही. नंतर मात्र माझी पंचाईत झाली. समोर अरेबिका आणि रोबस्टा ठेवल्या. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, कडूपणा आणि तोंडात जाणवणारा दाटपणा जास्त. ती मी ओळखली. पण तीन अरेबिकांमधला फरक विचारला तेव्हा मला "चांगली, बरी, बरी" याच्या पुढे शब्द सापडेनात. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "सर, पुस्तकातली फळं आठवू नका. तुम्ही जे खाल्लंय ते सांगा." मग मी एकीला चिंचेचा कोळ म्हटलं, एकीला काकवी. ती म्हणाली बरोबर. चिकोरीचं कोडंही तिथेच सुटलं. ती एका झाडाची मुळी, भाजून दळलेली. कॅफीन शून्य, पण दाटपणा आणि रंग देते. मी आयुष्यभर जिला कॉफीची चव समजत होतो त्यात बराच भाग या मुळीचा आणि उरलेला जायफळाचा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने एकच कॉफी, एकच दळण, तीन किटल्यांतून बनवली आणि काही न सांगता कप पुढे केले. पहिला पातळ आणि टोचरा आंबट. दुसरा तपकिरी, खडूसारखा, मेलेला. तिसरा छान. दुसरा कप तोंडाला लागताक्षणी मी ओळखला. हा माझ्या घरचा होता.

पहिल्या किटलीत आरओचं पाणी होतं, दुसरीत बोअरचं, तिसरीत दोन्ही मिसळून. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम कॉफीतला स्वाद बाहेर ओढतं, ते अगदीच नसलं तर कॉफी बोडकी लागते. पण जड पाण्यात बायकार्बोनेटही भरपूर असतं आणि ते कॉफीतली आम्लं मारून टाकतं. कॉफीतला सगळा जिवंतपणा त्या आम्लांतच.

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. "आपल्याकडे नर्मदा कोणत्या दिवशी येते?" बायको म्हणाली, "आज आलीये. का, काय झालं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटरवरून चढवून आणतात आणि आमच्या भागात ते एक दिवसाआड येतं. आलं त्या दिवशी मी किटली थेट नळाने भरायचो. दुसऱ्या दिवशी टाकीच्या नळाने, आणि टाकीत बोअर मिसळलेलं. घरात आरओ आहे, पण उकळायच्या पाण्याला आरओ कशाला वाया घालवा, हा आपला मध्यमवर्गी हिशेब. वहीच्या पानांचे फोटो फोनमध्ये होते. बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवरून तारखा वाचल्या, मी गुण वाचले. ऑक्टोबरात लाइनचं काम निघालं म्हणून एकदा पाणी आलं नव्हतं, टँकरचे पैसे तिने त्या चौकोनात लिहून ठेवले होते. वहीत बरोबर तिथेच ओळीने तीन दिवस ४, ४, ३. 

वहीत सात रकाने होते. पाणी किती हे होतं, कोणतं हे नव्हतं. कंपनीत रोज सकाळची माझी पहिली सही पाण्याच्या रिपोर्टवर असायची.

घरी येताच ३५० रुपयांचा टीडीएस मीटर घेतला, पाण्यात विरघळलेलं किती ते मोजणारा. एवढ्या सगळ्यात सर्वांत कमी पैशांची आणि सर्वांत उपयोगी वस्तू. थेट नर्मदा २३६, टाकी ६१०, आरओ ३८. कॉफीला दीडशेच्या आसपास चांगलं मानतात. नर्मदा आणि आरओ निम्मं-निम्मं केलं की १३७ येतं. तेव्हापासून नर्मदेच्या दिवशी पाच लिटरचा कॅन भरून ठेवतो. मीटर फक्त विरघळलेलं किती ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही, हे मात्र लक्षात असू द्या. आरओवालेही हाच मीटर दाखवून घाबरवतात. आमच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड आहे हे सांगायला मीटर लागत नाही, बाथरूमचे नळ बघितले तरी पुरे.

आता रोज जे करतो ते असं: १५ ग्रॅम, आधी ४५ ग्रॅम पाणी टाकून चाळीस सेकंद थांबायचं, पूड फुगून बुडबुडे येतात तो अडकलेला वायू. मग दोन वेळा ओतून २४० करायचे. तीन मिनिटांच्या आत सगळं खाली उतरलं पाहिजे. आंबट लागली तर दळण बारीक, कडू-कोरडी लागली तर जाड. एका वेळी एकच.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण मळ्यावरून मी ५ किलो हिरवी बी घेऊन ठेवली होती, ५२० रुपये किलोने. मार्चमध्ये गच्चीवर लोखंडी कढईत पहिली पावशेर भाजली. हात थांबला की एक बाजू करपते, आणि बीवरचा चंदेरी पापुद्रा सुटून उडतो तो शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर. धूर पाहून खालून हाक आली, "काय भिया, होळी झाली ना?" त्या कढईतली बी अर्धी काळी, अर्धी हिरवट निघाली.

मग दोन सकाळी आमच्या बाजारातल्या भाडभुंज्याकडे जाऊन बसलो. तो चणे वाळूत भाजतो, कॉफी त्याने पाहिलेली नाही. पण तो चण्याकडे बघतच नव्हता, माझ्याशी बोलत होता आणि कान भट्टीकडे होते. तेवढं शिकून आलो. लोहामंडीत एकाकडून हाताने फिरवायचा भोकांचा ड्रम बनवून घेतला, खाली गॅसची शेगडी, ४,८०० रुपये. कॉफी दोनदा बोलते. पहिल्यांदा दोनशे अंशांच्या जरा अलीकडे, लाह्या फुटल्यासारखी टपोरी. दुसऱ्यांदा बरीच पुढे, मोहरी तडतडते तशी बारीक आणि भराभर. दुसरा आवाज सुरू झाला की तेल वर यायला लागतं आणि मळ्याची चव जाऊन भाजल्याची चव उरते. मी पहिला आवाज संपल्यावर मिनिट-दीड मिनिटाने काढतो आणि लगेच कूलरपुढे चाळणीत पसरतो, नाहीतर आतल्या उष्णतेने भाजत राहते. ५०० ग्रॅमचे ४२५ झाले की मला हवी तशी. एप्रिल-मे मध्ये हे सगळं पहाटे पाचला, नंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. आणि भाजल्या दिवशी पिऊ नका. निदान पाच दिवस वायू निघू द्या. मी पहिल्या खेपेला इतकं भाजून लगेच प्यायलो आणि निराश होऊन झोपलो.

जूनपर्यंत ओळखीचे लोक पाकिटं मागायला लागले. पैसे घेऊन खाण्याची वस्तू द्यायची तर नोंदणी हवी, नोकरीमुळे एवढं माहीत होतं. तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असली की एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) साधी नोंदणी पुरायची, फॉर्म ए, फी वर्षाला १०० रुपये. पाच वर्षांचे ५०० भरले. सगळं त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर घरबसल्या होतं, दलालाने २,५०० सांगितले होते ते देऊ नका. ८ जुलैला अर्ज केला, १५ला परत आला. चूक माझी. पत्त्यासाठी जोडलेलं लाइटबिल अजून बाबांच्या नावावर. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. आपल्यापैकी किती घरांत हीच स्थिती असेल. आईचं संमतिपत्र, माझं शपथपत्र, नोटरी असे ३५० रुपये आणि दोन फेऱ्या. आईने सही करताना विचारलं, "काढ्याला परवानगी लागते?" पुन्हा अर्ज, आणि २ ऑगस्टला चौदा आकडी क्रमांक आला. अर्जात व्यवसायाचा प्रकार निवडताना 'विक्री' नव्हे, 'उत्पादन' निवडा. भाजणं हे उत्पादन धरतात.

पाकिटावर तो क्रमांक, वजन, तारीख, बॅच, किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन. चिकोरी घालणार असाल तर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापावंच लागतं आणि कॉफी निदान ५१ टक्के हवी. बाहेरच्या राज्यात विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. म्हणून पुण्याच्या वहिनीला मी पाकीट विकत नाही, भाऊबीजेला नेतो. तिला हे पटत नाही, तिच्या मते मी पैसे घ्यायला लाजतो.

महिन्याला वीस-पंचवीस पाकिटं जातात. गॅस, हिरवी बी, पिशव्या वजा जाता पेट्रोलचे पैसे सुटतात. मागच्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांची तक्रार आली, कॉफी सपाट लागते. मी बॅच क्रमांक विचारला नाही. "तुमच्याकडे नर्मदा की बोअर?" विचारलं. दोघांकडे बोअर.

आता प्रत्येक पाकिटाबरोबर चिठ्ठी घालतो, पाणी कसं मिसळायचं त्याची. आईसाठी मात्र दुधात, जायफळ घालून, माझ्याच बियांची. दोनदा तिने "काल बरी होती" म्हटलं, आणि दुधात इतकं काही कळणार नाही म्हणून मी टाकीच्या नळाचं पाणी वापरलं होतं त्याच दोन दिवशी. आज कॅन रिकामा आहे. उद्या सहाला पाणी सुटेल, गजर पावणेसहाचा लावलाय.